दंडावरची डबी

आंबेखोलच्या शाळेत त्या दिवशी दीडशे माणसं जमली होती आणि सगळ्यांचे डोळे सानिका गवसच्या उघड्या दंडावर खिळले होते. दंडावर चिकटवलेली डबी कुंकवाच्या करंड्याएवढी होती, वरून बारीक जाळी. डॉ. मणेरीकर बाईंनी काचेची नळी उलटी धरली आणि टिचकी मारून बारा गोचिडी डबीत उतरवल्या. मोहरीएवढ्या, तपकिरी, पाय फाकलेल्या. उतरल्या उतरल्या त्या कातडीवर हिंडायला लागल्या. कसली घाई नाही, कसली भीती नाही; बाजारात भाजी निवडत फिरावं तशा जागा निवडत होत्या. सानिकाने चेहरा हसरा ठेवला. सकाळची भाकरी घशापर्यंत आली होती, ती तिने परत गिळली.

"दुखता काय गो?" मागून कुणीतरी विचारलं.

"कायच कळणा नाय," ती म्हणाली.

हे खरं होतं आणि ओंगळपणा सगळा त्यातच होता. डास चावला तर माणूस निदान चापट तरी मारतो. गोचीड आधी लाळ सोडून जागा बधिर करते, मग तोंड रुतवते, रक्त गोठू नये याची तजवीज करते, आणि चार-पाच दिवस मुक्कामाला राहते. सोयरेसुद्धा इतके दिवस राहत नाहीत.

सानिका आरोग्य खात्याची गावातली कार्यकर्ती. खात्याने तिला सगळं शिकवलं होतं, फक्त किळस कशी गिळायची ते शिकवलं नव्हतं. ताटात केस निघाला तर ती ताट सारून उठायची. कुत्र्याच्या कानात हात घालणाऱ्या नवऱ्याला ती साबणाने दोनदा हात धुवायला लावायची. अशा बाईला गोचिडींचं काम मिळावं, याला काय म्हणायचं?

माकडताप या डोंगराला नवा नव्हता. जंगलात माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड पडलेलं रक्त सोडून खाली उतरतात आणि पाचोळ्यात पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसतात. काजूच्या हंगामात ते गिऱ्हाईक म्हणजे वाकून बोंडं गोळा करणारा माणूस. लाळेबरोबर विषाणू आत शिरतो. विषाणू म्हणजे धड जीवही नाही. प्रथिनाच्या टरफलात गुंडाळलेला एक निरोप, दुसरं काही नाही. तो पेशीला चिकटतो, आत घुसतो आणि तिचं सगळं कामकाज ताब्यात घेऊन तिच्याकडून स्वतःच्या हजारो नकला काढून घेतो. पेशी संपते, नकला शेजारच्या पेशीत जातात. मग ताप, डोळ्यांमागे ठणका. ज्यांचं दैव वाईट त्यांच्या रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. हिरड्यांतून रक्त, उलटीत रक्त. दोन हंगामांत आंबेखोलने अकरा माणसं अशी गमावली होती.

जुनी टोचायची लस फारशी उपयोगी पडली नव्हती. का पडली नाही, ते मणेरीकर बाईंनी शोधून काढलं. पाच वर्षं त्या फ्लॅनेलचा पांढरा कपडा पाचोळ्यावरून ओढत रानात हिंडल्या, त्याला चिकटलेल्या गोचिडी वेचून भिंगाखाली चिरल्या, त्यांची लाळ काढली, ती माणसाच्या कातडीच्या पेशींवर टाकून बघितली. तेव्हा दिसलं, की लाळ कातडीतल्या पहारेकऱ्यांना झोपवते आणि विषाणू त्या झोपलेल्या दारातून आत जातो. दंडात सुई टोचून रक्तातले शिपाई तयार होत होते, पण दारावरचा पहारा झोपलेला तो झोपलेलाच. बाईंनी मग उलटं केलं. विषाणू दुबळा केला, इतका की तो वाढेल पण मारणार नाही, आणि तो प्रयोगशाळेत जन्मलेल्या स्वच्छ गोचिडींमध्ये भरला. त्या चावल्या, की कातडी लाळही ओळखायला शिकते आणि विषाणूही. अट एकच: गोचिडींनी पोटभर प्यायला हवं. बारापैकी निदान पाच तरी फुगून, ज्वारीच्या दाण्याएवढ्या होऊन, आपणहून सुटल्या पाहिजेत. तरच हिरवं कार्ड, आणि हिरवं कार्ड असेल तरच जंगलालगतच्या बागेत पाय ठेवायचा.

सूत्र सरळ होतं. अडचण माणसांची होती. पंधरा वर्षं खात्याने गावाला ओरडून सांगितलं होतं की गोचीड दिसली की तेल लावा, उपटा, जाळा. आता तेच खातं म्हणत होतं की बारा पाळा. गावाने हात वर केले. तुळशीदास गवस, बोलायला फटकळ माणूस, तो सभेत उभा राहून म्हणाला, "आदी सानिका वयनीक लावा. ती जगली तर आमी बगतलंव."

म्हणून ती डबी.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी डबीला आतून हलकी ऊब यायला लागली, निदान तिला तसं वाटायचं. भात कालवताना दंड हलला की बारा तोंडं आपल्यात रुतलेली आहेत हे आठवायचं आणि घास तोंडात फिरत राहायचा. नवरा प्रथमेश गोव्यातल्या कंपनीतून आला की तिच्या डाव्या बाजूला बसायचा नाही. तिला राग आला नाही. तीसुद्धा स्वतःच्या डाव्या बाजूला बसली नसती.

"जेव गो," सासू म्हणाली. प्रभावतीबाई सत्तरीच्या, वाळक्या, जिभेला धार असलेल्या. दुबळा विषाणूसुद्धा म्हाताऱ्यांना झेपेल की नाही याची बाईंना खात्री नव्हती, म्हणून पासष्टीपुढच्यांना डबी नव्हती आणि बागेत जायची परवानगीही नव्हती. "ते गोचडी पितत आनी तू उपाशी. मगे पितले तरी काय?"

सानिका उठून मोरीत जाऊन ओकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. तिने खिडकीशी दंड नेऊन जाळीतून आत बघितलं. ते बघायला नको होतं. सहा-सात जणी एका जागी दाटीने बसल्या होत्या, डोकी कातडीत, मागची अंगं फुगायला लागलेली, राखाडी, ताणलेली, आत काहीतरी काळपट हलतंय असं. एकीने पाय हलवला. सानिकाच्या मानेपासून टाचेपर्यंत शहारा गेला. फळीवर खात्याचंच तेल होतं, रानात जाताना पायाला चोळायचं. दोन थेंब, फक्त दोन, तिने जाळीतून सोडले.

तासाभरात बारा जणी पाय आवळून मेल्या.

आधी तिला इतकं हलकं वाटलं, की ती चुलीपुढे बसून दोन भाकऱ्या खाऊन उठली. मग हिशेब लागला. परवा शाळेत डबी उघडणार. दीडशे माणसं. तुळशीदास पहिल्या रांगेत. मेलेल्या गोचिडी बघून तो काय म्हणेल ते तिला शब्दाशब्दाने ऐकू आलं. एकही माणूस दंड पुढे करणार नाही आणि या हंगामात पुन्हा तिरड्या उठतील. हे तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण मणेरीकर बाईंना फोन करून दुसरी डबी मागता आली असती, हेही तेवढंच खरं होतं. तेवढं तिच्याच्याने झालं नाही. पुन्हा बारा? पुन्हा पाच दिवस? तिने फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

गोठ्यात पाडी बांधलेली होती. प्रभावतीबाई अंगणात पाठमोऱ्या बसून बिया वाळत घालत होत्या. सानिकाने पाडीचा कान उलटला. आत द्राक्षासारख्या टम्म फुगलेल्या होत्या, त्यांच्या मध्येमध्ये लहान, ज्वारीएवढ्या. तिने तोंडाला पदर बांधला आणि चिमट्याने लहान लहान बघून आठ उपटल्या. एक चिमट्यातच फुटली. कोमट रक्त अंगठ्यावर आलं. तिने पदर खाली ओढून तोंडात आलेली भाकरी आवाज न करता शेणात टाकली, अंगठा गवताला पुसला आणि कामाला लागली. डबीची जाळी उचलून मेलेल्या काढल्या, या टाकल्या. ज्या बाईला डबीतल्या बारा सोसल्या नव्हत्या, तिने गोठ्यातल्या आठ स्वतःच्या हाताने वेचल्या. असं असतं माणसाचं.

पाचव्या दिवशी बाईंनी डबी उघडली, ताटलीत गोचिडी मोजल्या. "आठ! आठ पोटभर." घाईत होत्या, बाहेर जीप उभी होती, भिंगाखाली घातल्या असत्या तर जात वेगळी आहे हे त्यांना एका नजरेत कळलं असतं. पण सानिकावर कोण संशय घेणार? गोचिडी स्पिरिटच्या बाटलीत गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुळशीदास उठून सगळ्यांच्या आधी बाही सरसावून पुढे आला. "लाव वयनी. तुका झेपला तर आमका काय धाड भरली?"

त्या आठवड्यात तिने स्वतःच्या हाताने एकशे सदतीस डब्या चिकटवल्या. प्रत्येक दंडाला हात लावताना तिला स्वतःच्या हाताची शिसारी येत होती. "भिवा नको," ती म्हणायची, "मी केलंय मां?" बायका तिच्याकडे विश्वासाने बघायच्या आणि ती नजर चुकवून डिंकाची नळी शोधायची. प्रथमेशनेही लावून घेतली आणि पाच दिवस कुरकुर न करता काढली. रात्रीच्या जेवणाला तो आपल्या डबीकडे बोट करून मुलासारखा हसायचा. सानिका ताटातून उठून जायची.

मार्चच्या सुरुवातीला गवसांच्या काजूच्या बागेपलीकडे दोन माकडं मेली. लाल फडकी बांधली गेली. आता आत फक्त हिरव्या कार्डवाले. प्रथमेश सातला गोव्याला निघायचा, म्हणजे बोंडं वेचायला सानिकाच. तिने आदल्या संध्याकाळी टोपली काढली, पायांना चोपडायला तेल काढलं. आपलं कार्ड हिरवं आहे आणि अंग कोरं आहे, हे जगात फक्त तिला माहीत होतं. असं तिला वाटत होतं.

सकाळी उठून बघते तर टोपली नाही. सासू परतली ती नऊ वाजता, भरली टोपली डोक्यावर घेऊन.

"आये, तुमका बंदी आसा!"

"बंदी घालणारे माझ्या घोवाचे कोण? हयाती गेली माझी त्या बागेत. तू तुझां दप्तर बग."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सानिका लवकर उठली तर म्हातारी आणखी लवकर उठलेली. भांडण झालं. "तुका बियो निवडूक येणत नाय, कच्च्यो काढतंस," सासू फिसकारली. "तू रव घराक." प्रथमेशने आईला समजावलं, मग दम दिला, मग हात टेकले. सानिकाने वरवर खूप आरडाओरडा केला. आतून तिला बरं वाटलं. आणि बरं वाटतंय याची जी किळस तिला आली, ती पाडीच्या कानाचीही आली नव्हती. तरी ती गेली नाही. तीन आठवडे म्हातारी बागेत जात राहिली आणि सून दप्तर बघत राहिली.

एका गुरुवारी प्रभावतीबाई मोरीत दात घासताना खाली बसल्या. चूळ लाल होती.

तालुक्याच्या रुग्णालयात मणेरीकर बाई होत्याच. हंगामभर त्यांचा मुक्काम तिथेच असायचा. तपासणीत विषाणू लगेच सापडला. प्लेटलेट तळाला गेल्या होत्या. बाईंनी प्रथमेश आणि सानिकाला खाटेजवळच उभं करून सांगितलं, "विषाणूला मारणारं औषध अजून नाही. पण ज्यांचं शरीर शिकलंय त्यांच्या रक्तात तयार प्रतिपिंडं असतात. ती विषाणूला वरून लपेटतात, मग त्याला पेशीत शिरता येत नाही. ताज्या रक्तातलं पाणी वेगळं करून तेवढंच आजींना द्यायचं. लवकर दिलं तर उपयोग होतो. गट मात्र जुळायला हवा. यांचा एबी."

"माझो बापसाचो गट," प्रथमेश म्हणाला. "पण सानिकाचो एबी! आठ पोटभर होते तिचे!" त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. बायकोच्या खांद्यावर त्याने हात ठेवला, डाव्या.

"गावात दुसरा एबी तुळशीदास गवस आहे," बाई यादी बघत म्हणाल्या. "त्याला यायला दोन तास लागतील. सानिका इथेच आहे. प्रतिपिंडं मोजायला नमुना पाठवला तर दोन दिवस जातील, तेवढा वेळ नाही. कार्डावर भरवसा ठेवू." परिचारिका रबरी पट्टा घेऊन आली.

गप्प बसलं तरी चालणार होतं. रक्त काढतील, नितळ पिवळं पाणी पिशवीत भरतील, म्हातारीच्या शिरेत सोडतील. त्यात काही नाही हे कुणाला दिसणार नव्हतं. म्हातारी गेली तर वय झालं होतं म्हणतील. हा विचार तिच्या डोक्यात आला, पूर्ण आला, शेवटपर्यंत आला.

"हिचां नको," खाटेवरून आवाज आला.

सगळे वळले. प्रभावतीबाईंनी डोळे उघडले होते. ओठांच्या कडांना वाळलेलं रक्त होतं. "सुनेचां रगत माका नको. मेलंय तरी चलात. तुळशीदासाक बोलवा."

"आये, काय बोलतंस?" प्रथमेश ओरडला. "मरताना तरी ह्यां खाष्टपण सोड!"

शेजारच्या खाटेवरच्या बाईने तोंड वाकडं केलं. मणेरीकर बाई म्हणाल्या, "आजी, असला हट्ट आत्ता नको. तुळशीदासला बोलावते, पण आधी सानिकाचं घेऊ. सिस्टर, पट्टा बांधा."

म्हातारी मान हलवत राहिली आणि सुनेकडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. तेव्हा सानिकाला टोपली समजली, पहाटेचं उठणं समजलं, "तू रव घराक" समजलं. अंगणात पाठमोरी बसलेली ही बाई पाठमोरी नव्हती. हिला त्या दिवसापासूनच ठाऊक होतं. आणि आत्तासुद्धा सगळ्या जगाच्या तोंडी खाष्ट सासू होऊन ती सुनेला झाकत होती.

"माझं घेऊ नका, बाई," सानिका म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की परिचारिका दचकली. "माझ्या रक्तात काही नाही. माझ्या डबीतल्या तिसऱ्या दिवशीच मेल्या. मी तेल घातलं. तुम्ही मोजल्या त्या आमच्या पाडीच्या कानातल्या होत्या."

प्रथमेशने तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि सदऱ्याला पुसला. मुद्दाम नव्हे, हात आपोआप गेला. मणेरीकर बाईंनी फोन उचलला, तुळशीदासला निघायला सांगितलं, फोन ठेवला, आणि मग म्हणाल्या, "पाच वर्षं घालवली मी यात. तू मला एक फोन केला असतास तर मी दुसऱ्या दिवशी दुसरी डबी आणली असती." त्यांनी ओरडायला हवं होतं.

तुळशीदास मोटारसायकलवरून दीड तासात पोचला. त्याला दारातच कुणीतरी सगळं सांगितलं असावं. सानिका व्हरांड्याच्या कडेला होती, तिच्यासमोर तो येऊन उभा राहिला. "तुझ्याकडे बगान मी पयलो हात पुढे केलंय," तो म्हणाला. "बारा गोचडी पोसले अंगार. घरात सगळ्यांक लावले, पोरीक लावले. आनी तू गुरांच्या कानातले दाखवलंस?" तो व्हरांड्याबाहेर थुंकला, तिच्या पायांपासून हातभर अंतरावर. मग आत जाऊन त्याने बाही सरसावली आणि सुईकडे न बघता दंड पुढे केला. पिशवी भरायला लागली. सानिका दाराआडून ती बघत होती. ते रक्त तिच्या खोट्यावरच तयार झालं होतं, तरी खरं होतं.

प्रभावतीबाई त्यानंतर दोन दिवस होत्या. तुळशीदासने दोनदा रक्त दिलं. ताप थोडा उतरला, पण बाई म्हणाल्या की उशीर झाला, चार दिवस आधी आणायला हवं होतं. प्रथमेश खोलीत बायको असली की बाहेर जायचा. म्हणून खाटेजवळ सानिकाच असायची. उलटीचा वाडगा धरायला, तोंड पुसायला, चादर बदलायला. परिचारिकेने दिलेले हातमोजे घालून ती ते करत होती. ओकारी येत होती, तशी ती आवरत होती. थांबली एकदाही नाही.

"ताप कधीपासून आसा, आये?" शनिवारी दुपारी तिने विचारलं. "खरां सांगा."

"आयतवारापासून."

"चार दीस! सांगूक कित्याक नाय?"

"सांगलां असतां तर तुझांच रगत मागले असते." म्हातारी जरा वेळ दम घेत राहिली. "वाटलां, आपसूक उतरात."

सानिकाला रडू फुटलं. ती खाटेच्या लोखंडी कडेवर कपाळ टेकून बसली आणि तोंडातून एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, शी, शी, शी. कुणाला म्हणत होती ते म्हातारीला विचारावं लागलं नाही.

"गप रव," ती म्हणाली. "इतके दीस मी गप रवलंय आनी तू एका दमात सगळां वकलंस. तुळशीदास काय म्हणालो?"

"थुंकलो."

"आनी?"

"रगत दिल्यान."

"डबये लावूचे उरलेत ते आता नको म्हणतत?"

"नाय. कोणीच नको म्हणूक नाय. पण माका आता कोण हात लावूक देणत नाय. नवी पोरगी येतली म्हणतत."

म्हातारीच्या छातीत घरघर वाजत होती.

"मगे झालां तर," ती म्हणाली, आणि वाडग्यासाठी हात पुढे केला.